'पापी' म्हणजे नेमकं काय? माणसाबद्दल ख्रिस्ती विश्वास काय सांगतो

'तुम्ही पापी आहात' हे वाक्य ख्रिस्ती प्रवचनात पहिल्यांदा ऐकणारा माणूस बहुधा दुखावतो. मी कुणाचा जीव घेतला नाही, कुणाला लुबाडलं नाही, मग मी पापी कसा, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. पाळण्यातल्या बाळालाही हे लागू होतं असं कळलं की तो आणखी चक्रावतो. आणि देव म्हणजे प्रेम असं सांगणारा धर्म माणसाकडे इतक्या कठोरपणे का पाहतो, हे कोडं उरतंच.

हा गोंधळ बराचसा क्रमामुळे होतो. ख्रिस्ती विचारात माणसाची कहाणी चार टप्प्यांत सांगतात: निर्मिती, पतन (पापात पडणं), तारण (पापातून सुटका) आणि पूर्णत्व. पाप येतं दुसऱ्या टप्प्यावर. पहिला टप्पा गाळून थेट तिथूनच सुरुवात केली की ऐकणाऱ्याला ती शिवी वाटते. ही गफलत ऐकणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याकडूनच जास्त होते. माणूस कशासाठी घडवला गेला हे आधी कळल्याशिवाय तो कुठे बिघडला हे सांगताच येत नाही. म्हणून मुळापासून जाऊ.

## आधी 'फार चांगले', मग पाप

बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती. त्याच्या पहिल्या अध्यायात देव एकेक गोष्ट निर्माण करतो आणि ती चांगली आहे असं पाहतो. शेवटी माणूस घडतो, आणि मग सगळ्या सृष्टीकडे पाहून 'फार चांगले' असा निवाडा येतो. त्याच अध्यायाच्या २६ व २७ या वचनांत म्हटलंय की देवाने माणसाला, नर व नारी अशा दोघांना, आपल्या प्रतिरूपात निर्माण केलं.

देवाचं प्रतिरूप म्हणजे काय, यावर अभ्यासक शतकानुशतकं लिहीत आले आहेत. कुणी बुद्धी आणि विवेकावर बोट ठेवलं, कुणी नातं जोडण्याच्या क्षमतेवर. जुना करार म्हणजे बायबलचा पहिला भाग; तो अभ्यासणारे आजचे अनेक जण तिसरा अर्थ पुढे करतात, आणि मला तो मूळ लिखाणाच्या सर्वांत जवळचा वाटतो. प्राचीन इजिप्त आणि मेसोपोटेमियात राजाला देवाची प्रतिमा म्हणत. देवाच्या वतीने तो राज्य करतो अशी समजूत होती. उत्पत्तीने हा राजाचा मान उचलून प्रत्येक माणसाला देऊन टाकला. माणूस म्हणजे पृथ्वीवर देवाचा प्रतिनिधी, सृष्टीचा कारभार त्याच्या वतीने पाहणारा.

पतनानंतरही हे प्रतिरूप पुसलं जात नाही, आणि हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. जलप्रलयानंतर, उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात, माणसाचं रक्त सांडू नये याचं कारण म्हणून पुन्हा प्रतिरूपाचाच दाखला दिला आहे. बायबलच्या दुसऱ्या भागात, नव्या करारात, याकोब म्हणतो, ज्या जिभेने देवाची स्तुती करता त्याच जिभेने देवाच्या प्रतिरूपातल्या माणसांना शाप कसे देता? याचा अर्थ उघड आहे. गुन्हेगार, आजारी, मतिमंद, न जन्मलेला, मरणपंथाला लागलेला, कुणाचंही मोल कमी होत नाही. चौथ्या शतकात नीसाच्या ग्रेगरी या बिशपने याच आधारावर गुलामगिरीवर हल्ला चढवला. देवाच्या प्रतिरूपाची किंमत किती नाणी लावलीत, असा त्याचा गुलाममालकांना सवाल होता.

दुसऱ्या अध्यायात आणखी एक बाजू येते. देव जमिनीतली माती घेतो, माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो. माती म्हणजे मर्यादा: माणूस देव नाही, तो थकतो, भुकेला होतो, चुकतो. या मर्यादा म्हणजे पाप नव्हे. शरीर हा आत्म्याचा तुरुंग आहे असं मानणारे पंथ दुसऱ्या शतकात जोरात होते. लियॉनचा बिशप आयरेनियस याने त्यांना कडाडून विरोध केला, कारण देह देवानेच घडवला आहे. याच अध्यायात, काही बिघडायच्या आधीच, माणसाला बागेची मशागत आणि राखण करायचं काम मिळतं. काम ही शिक्षा आहे असं अनेक ख्रिस्ती लोकही समजतात. तसं नाही. घाम आणि काटे नंतर आले, काम आधीच होतं.

## एदेन बागेत काय घडलं

तिसरा अध्याय सगळ्यांना ठाऊक आहे असं वाटतं, पण तो सावकाश वाचला तर बऱ्याच समजुती गळून पडतात. त्यात सफरचंद नाही. फळाचं नावच दिलेलं नाही. लैंगिक संबंध हे ते पाप होतं असंही कुठे म्हटलेलं नाही, उलट फलद्रूप होण्याचा आशीर्वाद पहिल्याच अध्यायात आहे. साप म्हणजे सैतान हेही इथे लिहिलेलं नाही. ती ओळख बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात पटते.

मोहाची पावलं मात्र बारकाईने टिपली आहेत. देवाने सगळ्या झाडांची फळं खायची मोकळीक देऊन एकच झाड वर्ज्य केलं होतं. साप विचारतो, कुठल्याच झाडाचं फळ खाऊ नका असं देव म्हणाला ना? उदार देव त्या एका प्रश्नात कंजूष होऊन जातो. पहिली स्त्री हव्वा दुरुस्ती करते, पण स्वतःहून भर घालते: त्याला हातही लावायचा नाही. मग साप हेतूवरच शंका घेतो: तुम्ही देवासारखे व्हाल म्हणून तो अडवतोय. आता तिला झाड वेगळंच दिसू लागतं. खायला चांगलं, डोळ्यांना रम्य, शहाणपण देणारं. ती खाते, सोबत असलेल्या नवऱ्याला देते, तोही खातो. तो तिथेच होता आणि गप्प होता, ही गोष्ट सगळा दोष बाईवर ढकलणारे सोयीस्करपणे विसरतात.

म्हणजे फळ तोडण्याच्या बऱ्याच आधी बिघाड झाला होता. देव आपलं भलं इच्छितो यावरचा भरवसा सुटला, आणि चांगलं-वाईट ठरवायचा अधिकार माणसाने स्वतःच्या हाती घेतला. परिणाम लगेच दिसतात. दोघांना एकमेकांपुढे उघडं असण्याची लाज वाटते. ते देवापासून लपतात. देव विचारतो, 'तू कोठे आहेस?' आदाम उत्तर देतो ते बायकोवर आणि देवावर एकदमच ठपका ठेवून: 'तू दिलेल्या स्त्रीने मला दिलं.' ती सापाकडे बोट दाखवते. जमीन काटे-कुसळं उगवू लागते. देव, आपलं मन, दुसरा माणूस, सृष्टी, ही चारही नाती एका झटक्यात उसवतात. ख्रिस्ती विचारात पापाची व्याप्ती एवढी आहे. नियम मोडल्याची नोंद हा त्यातला छोटा भाग.

एक तपशील सहज निसटतो. या अध्यायात शाप सापाला आणि जमिनीला आहे. आदाम आणि हव्वेला दुःख आणि कष्ट भोगावे लागतील असं सांगितलं आहे, पण 'तू शापित' हे शब्द त्यांच्यासाठी वापरलेले नाहीत. बागेबाहेर काढण्याआधी देव त्यांना चामड्याची वस्त्रं करून घालतो.

## पापं अनेक, पाप एक

'पाप' हा शब्द ख्रिस्ती लोक दोन अर्थांनी वापरतात आणि कुठला अर्थ आहे ते सांगत नाहीत, म्हणून घोळ होतो. एक अर्थ म्हणजे कृती: खोटं बोललो, चोरी केली. दुसरा अर्थ म्हणजे आतली अवस्था, जिच्यातून या कृती निघतात.

दांडीला पासंग असलेला तराजू डोळ्यांपुढे आणा. तो मोडलेला नसतो. पारडी हलतात, माल तोलला जातो, व्यवहार चालतात. पण दर वेळी झुकाव एकाच बाजूला. एकेक चुकीचं माप म्हणजे पापं. दांडीतला पासंग म्हणजे पाप. ख्रिस्ती विचारात हा झुकाव स्वतःकडे असतो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१५-१६ मध्ये नव्या करारातल्या रोमकरांस पत्रावर दिलेल्या व्याख्यानांत पापी माणसाचं वर्णन 'स्वतःतच वाकलेला' असं केलं. त्याच्याही अकराशे वर्षं आधी, उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) याने हेच प्रेमाच्या भाषेत मांडलं होतं. माणूस सहसा वाईट वस्तूंवर प्रेम करत नाही. पैसा, नावलौकिक, कुटुंब, देश या चांगल्याच गोष्टी आहेत. तो त्यांना चुकीच्या मापाने तोलतो. जे पहिलं हवं ते शेवटी जातं आणि साधन असलेली गोष्ट दैवत होऊन बसते.

ऑगस्टीनने स्वतःच्या पौगंडातली एक चोरी आपल्या 'कबुलीजबाब' या आत्मकथनात चिरून पाहिली आहे. सोळाव्या वर्षी त्याने आणि मित्रांनी रात्री घराजवळच्या मळ्यालगतच्या नाशपातीच्या झाडाची फळं चोरली. ती दिसायला वा चवीला खास नव्हती. त्याच्याकडे याहून चांगली होती. बहुतेक फळं डुकरांपुढे टाकली. मग चोरली कशासाठी? गरज नव्हती, हाव नव्हती. चोरण्यातच मजा होती, आणि एकटा असतो तर केलं नसतं, असं तो लिहितो. एवढ्याशा चोरीवर इतकी पानं खर्च करणं काहींना अति वाटतं. पण पापामागे नेहमी काहीतरी समजण्याजोगा फायदा असतो ही आपली समजूत तो इथे मुळातूनच हलवतो, आणि टोळक्यात माणूस काय करू शकतो हेही दाखवतो.

येशूची शिकवणही कृतीच्या आत शिरते. डोंगरावरच्या प्रवचनात, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या मत्तयच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, खुनाच्या आज्ञेवरून तो रागाकडे जातो आणि व्यभिचारावरून वासनेच्या नजरेकडे. मार्कने लिहिलेल्या चरित्राच्या सातव्या अध्यायात तो म्हणतो की बाहेरून पोटात जाणारं माणसाला विटाळत नाही, मनातून बाहेर येणारं विटाळतं. प्रेषित पौलाने आपल्या रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात ही ओढाताण नेमकी पकडली आहे: जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही, जे नको तेच होतं.

आणि न केलेल्या गोष्टी? याकोबाच्या पत्रात स्पष्ट आहे की चांगलं काय ते ठाऊक असून जो करत नाही त्याला ते पाप आहे. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातल्या न्यायाच्या दृश्यात डाव्या हाताला उभे असलेल्यांवर चोरी-खुनाचा आरोपच नाही. भुकेल्याला खाऊ घातलं नाही, परक्याला घरात घेतलं नाही, तुरुंगातल्याला भेटायला गेले नाहीत, एवढंच. 'मी कुणाचं वाईट केलं नाही' हे उत्तर तिथे पुरत नाही.

सगळी पापं सारखीच का? कॅथलिक चर्च प्राणघातक आणि क्षम्य असा फरक करतं. प्राणघातक ठरायला तीन अटी एकत्र लागतात: बाब गंभीर असावी, ती गंभीर आहे हे पुरतं ठाऊक असावं, आणि संमती स्वेच्छेची असावी. भीती, दबाव, जडलेली सवय किंवा मानसिक आजार यांमुळे दोष कमी होऊ शकतो. सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून वेगळे झालेले प्रोटेस्टंट लोक बहुतेक ही विभागणी मानत नाहीत. कुठलंही पाप देवापासून तोडायला पुरेसं आहे असं ते म्हणतात. तरी रागाने शिव्या देणं आणि खून करणं यांचे परिणाम सारखे आहेत, असं तेही म्हणत नाहीत.

## पाळण्यातलं बाळ पापी कसं?

आदामापासून सर्व मानवजातीला मिळालेल्या बिघडलेल्या अवस्थेला मूळ पाप म्हणतात. इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत, आणि इथे ख्रिस्ती पंथांचंही एकमत नाही.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनहून आलेला पेलेजियस नावाचा तपस्वी शिकवत होता की प्रत्येक जण आदामासारखाच कोरा जन्मतो; आदामाने वाईट उदाहरण घालून दिलं, त्यापलीकडे काही नाही. मनावर घेतलं तर माणूस पाप टाळू शकतो. ऑगस्टीनने याला विरोध केला. इच्छाशक्तीच जिथे वाकलेली आहे तिथे 'मनावर घे' हा सल्ला कुचकामी आहे, असं त्याचं म्हणणं. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने आणि ४३१ साली इफिसच्या परिषदेने पेलेजियसच्या पक्षाला नाकारलं. पेलेजियसची शिकवण वरवर माणसाची बाजू घेणारी वाटते. प्रत्यक्षात ती दुबळ्यासाठी निर्दय आहे: व्यसन सुटत नाही, राग आवरत नाही, तर सगळा दोष तुझ्या कमी पडलेल्या प्रयत्नांचा.

पुढे वाटा फुटल्या. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस म्हणतात की आदामाकडून आपल्याला मरण आणि मरणाच्या छायेतला दुबळेपणा मिळाला. त्याचा अपराध मिळालेला नाही. कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत आपली शिकवण ठरवली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात तर सरळ म्हटलंय की मूळ पापाला 'पाप' हे साम्यामुळे म्हणतात. ते आपण केलेलं कर्म नव्हे, आपल्या वाट्याला आलेली अवस्था आहे, आणि आदामाच्या वंशजांत ते वैयक्तिक दोषाच्या स्वरूपाचं नाही. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक जॉन कॅल्विन याच्या परंपरेतली चर्चेस याहून कडक आहेत: आदाम सर्वांचा प्रतिनिधी होता, म्हणून दोषही सर्वांकडे येतो. मेथडिस्ट परंपरेचा जॉन वेस्ली बिघाड खोल आहे हे मानतो, पण माणूस देवाकडे वळायच्या आधीच देवाची कृपा प्रत्येकात काम करू लागलेली असते असं जोडतो.

म्हणजे बाळाने काही केलं आहे असं कुणी म्हणत नाही. ते अशा कुळात जन्मलं आहे जिथे दांडीला पासंग आहे, आणि मोठं होताना ते तोलायला शिकेल ते याच दांडीवर. मग बाप्तिस्म्याआधी, म्हणजे पाण्याने होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षेआधी, वारलेल्या बाळाचं काय? 'लिंबो', म्हणजे अशी बाळं स्वर्गाबाहेर पण यातनांविना राहतात ती जागा, ही मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञांची कल्पना होती, चर्चचा बंधनकारक सिद्धांत ती कधीच नव्हती. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं मांडलं. बाळ गमावलेल्या आईबापांना याउलट काही सांगणाऱ्याने हा मजकूर वाचावा.

## 'बापाच्या पापाची शिक्षा मुलाला, हा कुठला न्याय?'

हा आक्षेप बायबलमध्येच आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात देव ठणकावून सांगतो की मुलगा बापाच्या अधर्माचा भार वाहणार नाही. जो पाप करील तोच मरेल. मग मूळ पापाचं कसं?

परिणाम आणि शिक्षा यांत फरक करावा लागतो. दारूड्या बापाच्या घरात वाढलेल्या मुलाला बापाची शिक्षा झालेली नसते, पण भीती, गरिबी, कधी व्यसनाकडे ओढ हे त्याच्या वाट्याला येतंच. युद्धं, जातिवंशाचे द्वेष, लूट हे असंच पिढ्यानपिढ्या झिरपतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या परिपत्रकात 'पापाच्या संरचना' असा शब्दप्रयोग वापरला: एकेकाच्या पापातून उभ्या राहिलेल्या व्यवस्था, ज्या पुढच्यांना त्याच वाटेने ढकलतात. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मांडणीत हे उत्तर बसतं. आदामाचा दोषही आपल्याकडे येतो असं मानणाऱ्यांना मात्र आणखी एक पाऊल टाकावं लागतं, आणि ते पाऊल रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे: एका माणसामुळे सगळे पापात, तसेच एका माणसामुळे, म्हणजे ख्रिस्तामुळे, तारणात. प्रतिनिधी हे तत्त्व एका बाजूला नाकारलं तर दुसऱ्या बाजूलाही जातं.

जबाबदारी मात्र संपत नाही. आदामाचा मुलगा काईन आपला भाऊ हाबेल याला मारायच्या आधी देव त्याला बजावतो की पाप दाराशी टपून आहे, तू त्याच्यावर सत्ता चालव. ओढ आपण निवडलेली नसली तरी तिच्यामागे जाणं न जाणं यात आपला हात असतो.

## 'ख्रिस्ती नसलेली चांगली माणसं दिसतात, त्यांचं काय?'

कॅल्विनच्या परंपरेत 'संपूर्ण भ्रष्टता' असा भयंकर वाटणारा शब्द आहे. माणूस होता होईल तितका वाईट आहे असा त्याचा अर्थ कुणी घेतो. अभिप्रेत आहे ते इतकंच की बिघाड माणसाच्या सगळ्या भागांत पोचला आहे: बुद्धीत, इच्छेत, भावनांत, देहात. एकही कोपरा सुटलेला नाही, म्हणून 'माझी बुद्धी तरी निर्मळ आहे' असं म्हणायला जागा नाही. दर मापात थोडी खोट आहे. प्रत्येक माप शंभर टक्के खोटं नाही. स्वतः कॅल्विनने ख्रिस्ती नसलेल्या तत्त्वज्ञ, कायदेकार, वैद्यांच्या ज्ञानाचं कौतुक केलं आणि ते पवित्र आत्म्याचं दान मानलं. सत्य कुठेही दिसलं तरी ते तुच्छ लेखणं हा देवाचा अपमान, असं तो म्हणतो.

तेव्हा चांगुलपणा सगळीकडे दिसणं हा या शिकवणीला धक्का नाही. प्रतिरूप शिल्लक असल्याची ती खूण आहे. आणि ख्रिस्ती माणूस इतरांपेक्षा नैतिकदृष्ट्या वरचढ असतो असा दावा या शिकवणीतून निघूच शकत नाही. रोमकरांस पत्रातल्या 'सर्वांनी पाप केले आहे' या वचनातल्या 'सर्वांनी'मध्ये सांगणारा पहिला येतो.

## आदाम-हव्वा आणि विज्ञान

उत्पत्तीचे पहिले अध्याय शब्दशः इतिहास म्हणून वाचणारे ख्रिस्ती आहेत, आणि तसे न वाचणारेही फार जुन्या काळापासून आहेत. सूर्य नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस कसा मोजला, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मशास्त्रज्ञाने विचारला होता. १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला हरकत नाही असं म्हटलं, पण मूळ पापाच्या शिकवणीसाठी एकाच मूळ पुरुषापासून मानवजात आली यावर भर दिला. जनुकशास्त्राचे पुरावे एका जोडप्यापेक्षा मोठ्या समूहाकडे झुकतात. त्यामुळे आज काही धर्मशास्त्रज्ञ आदामाला त्या समूहाचा देवाने निवडलेला प्रतिनिधी मानतात, तर काही संपूर्ण मानवजातीचं प्रतीक. वाद मिटलेला नाही. पण माणूस चांगलं जाणतो आणि तरीही वाकडा चालतो, या निरीक्षणाला त्या वादाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

## पासंग काढायचा कुणी?

माल तोच, तराजू तोच, तर कितीही वेळा तोललं तरी उत्तर तेच येतं. खोट उघडी पडायला बाहेरून खात्रीचं वजन आणावं लागतं. ख्रिस्ती विश्वासात ते वजन म्हणजे येशू ख्रिस्त: अदृश्य देवाचं रूप ज्याच्यात दिसलं आणि माणूस कसा असायला हवा तेही ज्याच्यात दिसलं. पण तो नुसता आदर्श असता तर पेलेजियसचंच खरं ठरलं असतं. तो क्रुसावर आपल्या पापाचा भार घेतो आणि पुनरुत्थानाने मरणाची पकड सोडवतो, असा विश्वास आहे. हे नेमकं कसं घडतं याची वर्णनं वेगवेगळी आहेत: खंडणी, बलिदान, दंड सोसणं, मरणावर विजय. नव्या करारात ही सगळी चित्रं आहेत आणि कुठल्याही एकाने ते संपत नाही.

माणसाच्या बाजूने दोन गोष्टी होतात, आणि त्या वेगळ्या ओळखणं गरजेचं आहे. देव माणसाला क्षमा करून आपल्याशी नीट नात्यात आणतो, याला नीतिमान ठरवणं म्हणतात. मग पवित्र आत्मा त्याला हळूहळू बदलतो, याला पवित्रीकरण म्हणतात. हे आयुष्यभर चालतं. पहिलं झालं म्हणजे दुसरं आपोआप पुरं झालं असं समजणारा माणूस बाप्तिस्म्यानंतरही जुना राग उसळला की हबकतो, आपला विश्वासच खोटा होता असं त्याला वाटतं. कॅथलिक शिकवणीतही बाप्तिस्म्याने मूळ पाप धुतलं जातं पण ओढ राहते, झगडण्यासाठी.

कृपा आणि सत्कर्म यांवरून सोळाव्या शतकात पश्चिमेचं चर्च दुभंगलं. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी-नववी वचनं सगळे पाठ म्हणतात: तारण कृपेने, विश्वासाद्वारे, कर्मांनी नव्हे. लगेच पुढचं दहावं वचन म्हणतं की आपण सत्कर्मांसाठीच निर्माण केलेले आहोत. ते दहावं वचन गाळलं की कृपा स्वस्त होते; आठवं गाळलं की धर्म हिशेबाची वही होतो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: मुळाशी एकमत आहे, उरलेले फरक एकमेकांना धर्मबाह्य ठरवण्याइतके नाहीत. मेथडिस्ट २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतल्या) चर्चेसची जागतिक संघटना २०१७ मध्ये त्यात सामील झाली.

## मग माणूस कशासाठी?

१६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न हा आहे: माणसाचं मुख्य ध्येय काय? उत्तर: देवाचं गौरव करणं आणि सदैव त्याच्यात आनंद मानणं. त्यातला 'आनंद' हा शब्द लोक विसरतात. आयरेनियसने तर म्हटलं होतं की जिवंत माणूस हेच देवाचं गौरव आहे. पूर्वेकडची परंपरा याहून पुढे जाते: चौथ्या शतकातला बिशप अथेनेशियस म्हणतो, देव माणूस झाला ते आपण देवासमान व्हावं म्हणून. सापाने हेच आमिष दाखवलं होतं, हे लक्षात घ्या. हिसकावून घ्यायला गेलं तेव्हा जे हातचं गेलं, ते देव देणगी म्हणून देऊ पाहतो.

रोजच्या जगण्यात हा हेतू येशूने दोन आज्ञांत बसवला: संपूर्ण मनाने देवावर प्रीती कर, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. त्यामुळे हेतू शोधायला नोकरी सोडून मठात जावं लागत नाही. ल्यूथरने यावर फार जोर दिला: चांभार, आई, न्यायाधीश आपापल्या कामातून शेजाऱ्याची सेवा करतात, तेच त्यांचं पाचारण. देवाला आपल्या सत्कर्मांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे.

शेवटचा टप्पा, पूर्णत्व, याचंही चित्र बऱ्याच जणांच्या मनात अर्धवट असतं. देह सोडून आत्मा वर जातो एवढ्यावर ख्रिस्ती आशा थांबत नाही. श्रद्धेच्या प्रमुख जुन्या कबुल्यांत मृतांचं पुनरुत्थान आहे, आणि बायबल संपतं ते नव्या आकाशाखालच्या नव्या पृथ्वीवर. देह आणि सृष्टी 'फार चांगले' होते, म्हणून तेही सोडवले जातात.

## शिकवण कुठे उलटते

पापाची शिकवण दुसऱ्यावर उगारायचं हत्यार झाली की ती आपलं काम करेनाशी होते. तीन ठिकाणी हे हमखास होतं.

पहिलं, आजार आणि आपत्ती यांना पापाची शिक्षा ठरवणं. योहानच्या नवव्या अध्यायात जन्मांधाबद्दल शिष्य विचारतात की पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले, ते इतरांहून जास्त पापी होते का, यालाही तो 'नाही' म्हणतो. नैराश्य आलेल्याला 'तुझ्या मनात कुठलं तरी पाप आहे' असं सांगणारा माणूस या दोन्ही अध्यायांच्या विरुद्ध बोलतो. त्या माणसाला डॉक्टरची गरज आहे.

दुसरं, अपराधी वाटणं आणि पश्चात्ताप यांची गल्लत. अपराधी भावना माणसाला स्वतःभोवतीच फिरवत ठेवते, म्हणजे तोच झुकाव पुन्हा. पश्चात्ताप म्हणजे वळणं, आणि त्याचा पुरावा बाहेर दिसतो. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय रडत बसत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करायचं ठरवतो.

तिसरं सर्वांत गंभीर. अत्याचार करणारा चर्चमध्ये येऊन रडतो, 'देवाने मला क्षमा केली' म्हणतो, आणि मग जिच्यावर अत्याचार झाला तिच्यावरच 'आता तूही माफ कर आणि गप्प बस' असा दबाव येतो. याला या शिकवणीत आधार नाही. कॅथलिक पापनिवेदनाच्या पायऱ्या पाहा: विवेकाची तपासणी, मनापासून खेद, धर्मगुरूपुढे कबुली, क्षमादान, आणि सांगितलेलं प्रायश्चित्त. त्यावर १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथ म्हणतो की क्षमेने पाप जातं, पण पापाने केलेलं नुकसान भरून निघत नाही. चोरलेलं परत करायचं, बदनामी केली असेल तर ती दूर करायची, इजा केली असेल तर भरपाई द्यायची. प्रोटेस्टंट चर्चमध्ये देवापुढे थेट कबुली देतात, तिथेही जक्कयचा नियम तोच आहे. आणि गुन्हा असेल तर पोलिसांपुढे आणि न्यायालयापुढे उभं राहणं हा त्या पश्चात्तापाचाच भाग आहे. पीडितेने माफ करावं की नाही, कधी आणि कसं, हे ठरवायचा अधिकार अपराध्याला किंवा मंडळीला नाही. आणि तिने माफ केलं तरी तक्रार मागे घेणं बंधनकारक होत नाही.